देवाखालचा पाट

लॅपटॉप टेबलावर उताणा पडला होता आणि आम्ही तिघं त्याच्या पोटाकडे बघत उभे होतो. डॉक्टरांनी हात टेकल्यावर नातेवाईक उभे राहतात, तसे.

"ही फट कसली?" खानविलकरांनी विचारलं.

"हवा जायला असेल," मी म्हणालो.

"हवेला एवढे दात कशाला लागतात, सोहोनी?"

फटीवर एक सरकतं झाकण होतं. ते नखाने बाजूला केलं की आत पिवळ्या धातूचे बारीक बारीक दात दिसत. बोंबलाच्या तोंडात असतात तसे, असं खानविलकर म्हणाले. मला बोंबलाच्या तोंडाचा अनुभव नाही, म्हणून मी मान डोलावली.

खानविलकर म्हणजे रत्नागिरीजवळच्या आमच्या पंपांच्या कारखान्याचे प्रमुख. मी तिथला प्रशासन अधिकारी, म्हणजे चहा, हजेरी आणि संडासाच्या कड्या या तीन खात्यांचा मालक. तिसऱ्या भुवडबाई, त्या स्टोअर सांभाळायच्या. मासेमारीच्या बोटींतलं पाणी उपसणारे पंप आम्ही करायचो. करायचो असं आपलं म्हणायचं. त्या वर्षी आम्ही मुख्यतः पुण्याच्या मूळ कंपनीला खुलासे पाठवत होतो. आमचा कारखाना बंद करून सगळी माणसं पुण्याच्या कारखान्यात सामावून घ्यावीत, असं तिथे चाललं होतं. 'सामावून घेणं' हा शब्द ज्याने शोधला, त्याला पुण्यात भाड्याची जागा शोधावी लागली नसणार. इकडे प्रत्येकाचं घर होतं, आंब्याची चार कलमं होती, अंथरुणाला खिळलेलं एखादं म्हातारं माणूस होतं. आमच्या घरात तर पुण्याचं नाव काढलं की ताट आपटून वाढलं जायचं.

आणि त्या दिवशी दोन वाजता पुण्याहून मेहेंदळेसाहेब यायचे होते. गणपतीत कोकणात येणारा साहेब एक तर भक्त असतो, नाही तर कारखाना बंद करायला आलेला असतो. मेहेंदळ्यांची भक्त म्हणून ख्याती नव्हती.

आमच्याकडे एकच हुकमाचं पान होतं. खानविलकरांनी दोन वर्षं खपून एक नवा पंप केला होता. वाळू, शेवाळ, कोलंबीची सालं, काहीही घशात गेलं तरी न अडकणारा. खरा पंप दाखवावा तर तो एका बोटीवर बसवलेला आणि बोट समुद्रात. तेव्हा पंपाचं ड्रॉइंग आणि भर समुद्रात घेतलेल्या चाचणीची फिल्म, हेच काय ते दाखवायचं. ते बघून मेहेंदळे म्हणाले, "हा पंप इथेच करा," तर कारखाना राहिला. नाही तर दिवाळीनंतर टाळं. ड्रॉइंग आणि फिल्म दोन्ही या लॅपटॉपच्या पोटात होती.

आणि लॅपटॉपचा पडदा फुटला होता.

तो कसा फुटला हे सांगायला हवं. पुण्याहून खास साहेब लोकांसाठी आलेलं ते यंत्र, काळंभोर, पातळ, वजनाने हलकं आणि बघताक्षणी माणसाने आवाज खाली आणावा असं. सकाळी खानविलकरांनी ते कचेरीतल्या गणपतीपुढे उघडून ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, बटणांवर मधोमध एक सुपारी ठेवली. मनोभावे हात जोडले. आणि डोळे न उघडताच झाकण मिटलं.

सुपारी चिकणी होती. ती फुटली नाही.

आता यंत्र सुरू व्हायचं, सुरू झाल्याचा गोड आवाजही करायचं, पण पडद्यावर शाईची दौत सांडल्यासारखं काळं पसरलेलं. पेनड्राइव्हवर घ्यावं, तर कंपनीने सुरक्षेसाठी पेनड्राइव्ह बंद केलेले. मेलने पाठवावं, तर आमच्या इंटरनेटच्या वेगाने फिल्म उद्या जेवणवेळेला पोचली असती. राहता राहिला प्रोजेक्टर. चित्र त्याच्याकडून भिंतीवर पाडलं की फुटक्या पडद्याचं काम नव्हतं. पण प्रोजेक्टर जुना. त्याच्या वायरीला रुंद निळं तोंड, आत तीन ओळींत पिना, दोन बाजूंना पिळायचे स्क्रू. एवढं मोठं तोंड खुपसायला लॅपटॉपला जागाच नव्हती. होती ती दुसरीच भोकं होती, आणि आमच्यापैकी कुणाचीही त्यांच्याशी ओळख नव्हती.

मी इम्तियाज मुकादमला फोन लावला. आमचे कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा. तो मावसभावाच्या लग्नाला कोल्हापूरला गेला होता. मी फोनचा स्पीकर चालू केला. मागे बँड वाजत होता.

"ओ काका, जरा मोठ्याने बोला. नवरदेव घोड्यावर बसतोय."

मी सगळं सांगितलं. सुपारीसकट.

"सुपारी?" तो म्हणाला. मग थोडा वेळ नुसताच बँड. "बरं. मला एकेक भोक सांगा. डावीकडून."

"एक गोल."

"चार्जरचं. पुढे."

"दोन चपटी. एक आतून निळं आहे. हेच का ते निळं?"

"ते नव्हे ते नव्हे. ती पेनड्राइव्हची. पुढे."

"एक टेलिफोनच्या वायरीचं असतं तसं, पण जरा जाड."

"नेटवर्कचं. पुढे."

"एक बारीक, लांबट. शेजारी कुलपाचं चित्र. त्यात खानविलकरसाहेबांनी भुवडबाईंची केसातली पिन घालून बघितली."

"कशाला?"

"काही उघडतं का बघायला."

"काका, ते नुसतंच भोक आहे. त्यात साखळी अडकवून लॅपटॉप टेबलाला बांधतात. चोरीला जाऊ नये म्हणून."

"म्हणजे गोठ्यातल्या म्हशीसारखं?" खानविलकर म्हणाले.

"तस्संच. पुढे."

"पुढे एक पातळ फट. त्यात साहेबांचं हजेरीचं कार्ड आहे."

"आहे म्हणजे?"

"घातलंय."

"का पण?"

"बसलं म्हणून," खानविलकर फोनवर वाकून म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की इम्तियाजलाही तो कोल्हापुरात दिसला असावा, कारण त्याने कार्डाचा विषय तिथेच सोडला.

"आता शेवटचं," मी म्हणालो. "चौकोनी. एक कोपरा छाटलेला."

"हां!" इम्तियाज ओरडला. "तेच चित्राचं भोक. त्याची वायर आहे?"

कँटीनमधल्या टीव्हीची वायर आम्ही आधीच उपसून आणली होती. मी तिचं तोंड निरखलं. "हिचे दोन कोपरे छाटलेत."

"मग नाही बसायची. जोर लावू नका."

"साहेब लावतायत."

"थांबवा त्यांना!"

मी खानविलकरांचा हात धरला. तशी एक कोपऱ्याची वायर रत्नागिरीत मिळेल का, असं मी विचारलं. इम्तियाज म्हणाला, "गौरी कालच गेल्या काका. आज कोण दुकान उघडतोय? माझंच बंद आहे. आणि उघडं असतं तरी ती वायर नाही माझ्याकडे. इथून घेऊन निघालो तर घाट उतरून पोचेपर्यंत संध्याकाळ."

भिंतीवरच्या घड्याळाकडे कुणी बघितलं नाही. त्याची टिकटिक मात्र ऐकू येत होती.

भुवडबाई आमच्यातून निघून कोपऱ्यात गणपतीकडे गेल्या आणि समईत तेल घालू लागल्या.

या गणपतीचंही सांगतो. कारखान्याचा गणपती नेहमी दीड दिवसाचा. पाचव्या दिवसापर्यंत सगळे आपापल्या घरच्या गणपतीत असतात, इथे आरतीला कोण उभं राहणार? पण त्या वर्षी भुवडबाईंनी अकरा दिवसांचा मागितला. म्हणाल्या, "माझा नवस हाय. शाडूची मूर्ती मी आणते, दोन्ही वेळची आरती मी करते. कुणाला तसदी नाय." कसला नवस हे विचारायचं नसतं, आणि आम्हाला विचारायची गरजही वाटली नाही. कारखान्यावर टांगती तलवार असताना कारखान्यातलं माणूस दुसरं काय मागणार? खानविलकरांना भरून आलं होतं. "आम्हा सगळ्यांच्या वतीने तुम्ही..." एवढंच म्हणू शकले. भुवडबाई "असू दे, साहेब" म्हणाल्या आणि तोरण बांधायला वळल्या. तशा त्या कमीच बोलायच्या. नवरा कंपनीच्याच पुण्याच्या कारखान्यात फिटर. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. आदल्या दिवशी गौरी पोचवून तो परत गेला होता.

"काका," इम्तियाज म्हणाला, "यंत्र उलटं करा. पोटाला काही आहे?"

"फट आहे. दात आहेत आत."

"अरे मग आधी नाही का सांगायचं! ती तर बैठकीची. या लॅपटॉपबरोबर एक वेगळी बैठक येते. काळी, चपटी, पाटासारखी. लॅपटॉप वर ठेवला की ते दात बैठकीच्या दातात बसतात, आणि बैठकीच्या मागच्या अंगाला पाहिजे तेवढी भोकं मिळतात. तुमचं रुंद निळं पण असतं."

"पाटासारखी?" मी मोठ्याने म्हणालो.

"पाटासारखी. लॅपटॉपच्या खोक्यातच असणार बघा."

"अशी काही वस्तू आली नाही," खानविलकर म्हणाले. "मी खोका स्वतः उघडला. वर लॅपटॉप होता. खाली पुठ्ठा होता."

"पुठ्ठ्याखाली?"

पुठ्ठा उचलून बघायचा खानविलकरांचा स्वभाव नव्हता. मग ते एकदम उठले. आम्ही कपाटं उघडली. फायलींच्या मागे बघितलं. माळ्यावरून तीन पंखे, एक मोडकं टंकलेखन यंत्र आणि निवडणुकीच्या वेळचा एक लाउडस्पीकर निघाला. बैठक निघाली नाही. खानविलकर धुळीने माखले होते. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि फारच हळू म्हणाले, "सोहोनी, मी मेहेंदळ्यांना फोन करतो. म्हणतो, येऊ नका. दाखवायला काही नाही आमच्याकडे."

"अहो, ते घाट उतरून साखरप्याच्या पुढे आले असतील."

"मग आल्यावर सांगतो."

ते उठून गणपतीपुढे गेले. साठीला आलेला, गुडघे दुखणारा माणूस, फरशीवर गुडघे टेकून बसला आणि हात जोडून म्हणाला, "देवा, बाकी काही नको. एक भोक दे."

देवाकडे पैसा मागणारी, पोर मागणारी माणसं मी बघितली आहेत. भोक मागणारा माणूस तेव्हाच बघितला. हसू यायला हवं होतं. आलं नाही. तो माणूस रडत होता.

भुवडबाई शेजारीच उभ्या होत्या, अजून समईत तेल घालत. समई भरली होती. तेल काठावरून ओघळून खालच्या तबकात पडत होतं आणि त्या घालतच होत्या. मी म्हणणार होतो, बाई, तेल. तेवढ्यात त्यांनी तांब्या खाली ठेवला. पदराला हात पुसले, एकेक बोट वेगळं पुसावं तसे.

"साहेब," त्या म्हणाल्या. "पाट म्हणाला ना तो फोनवर?"

"हो."

"तो हाय."

खानविलकरांनी वर बघितलं.

"तुम्ही लॅपटॉप काढून खोका स्टोअरला धाडलात. पुठ्ठ्याखाली होता. मला वाटलं, यंत्राचा पाट असंल. कोरा होता, कुणाचा पाय नाय लागलेला. गणपतीला आणलेला पाट घरात वाळवीनं खाल्ला, तवा म्हटलं कोरी वस्तू हाय, पयली देवाला."

असं म्हणून त्यांनी गणपतीच्या आसनावरच्या लाल कापडाचा मागचा कोपरा उचलला. खाली काळी चकचकीत कड होती. कडेत भोकांची रांग. गोल होतं, चपटी होती, आणि अगदी टोकाला, तीन ओळींचं, रुंद, निळं.

आम्ही ज्याला साकडं घालत होतो, तो मागितलेल्या वस्तूवर गेले सात दिवस मांडी ठोकून बसला होता.

"काका," फोनमधून इम्तियाज म्हणाला. "मिळाली का बैठक?"

"मिळाली. तिच्यावर गणपती आहे."

बराच वेळ बँड वाजला.

"मग उतरवा ना."

"असा मध्येच उतरवता येत नाही. एकदा बसवला की उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचा नसतो."

"काका, यात मी काय सांगणार? मी पडलो मुकादम. नवरदेव निघाला, ठेवतो."

खानविलकर उठले होते, पण पुढे येण्याऐवजी दोन पावलं मागे सरकले. "नाही," ते म्हणाले. "बाई, तुमचा अकरा दिवसांचा नवस आहे. आपल्या सगळ्यांसाठी बोललात तुम्ही. तो मोडून कारखाना वाचवायचा? आणि मोडलाच, तर वाचेल कशावरून?"

"नवस माझा हाय ना, साहेब?"

"तुमचाच."

"मंग त्याचं मी बघते. सोहोनीसाहेब, तुमाला उत्तरपूजा येते?"

मला येत होती. म्हणजे मंत्र येत होते, पितांबर नव्हतं. मी टेरिकॉटच्या पँटीत बसून अक्षता वाहिल्या आणि 'पुनरागमनाय च' म्हटलं. भुवडबाईंनी मूर्ती हातांनी किंचित हलवली. एवढंच करायचं असतं. पण त्यांचे हात मूर्तीवर जरा जास्त वेळ राहिले. उदबत्तीच्या धुराने त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांचे ओठ हलत होते. माफी मागत असतील, असं मला वाटलं.

आता विसर्जन. समुद्र चार कोस लांब. पण पंपाच्या कारखान्यात एक गोष्ट असते, ती म्हणजे पंप तपासायची टाकी, पुरुषभर खोल. हजर असलेली दहा-बारा माणसं गोळा झाली. झांजा सगळ्यांच्या घरोघर गेलेल्या, म्हणून लोखंडी पान्यावर पाने वाजवले. भुवडबाई मूर्ती घेऊन पुढे, आम्ही मागे. 'पुढच्या वर्षी लवकर या' असं ओरडत आम्ही पत्र्याच्या शेडला वळसा घातला आणि समोर मेहेंदळेसाहेबांची गाडी उभी.

मेहेंदळे उतरले. आमच्याकडे बघितलं. बूट काढले, हात जोडले. मग अस्सल पुणेरी आवाजात म्हणाले, "सातव्या दिवशी?"

खानविलकरांनी माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या पान्यांकडे बघितलं.

"आमच्यात सातच दिवसांचा असतो, साहेब," भुवडबाई म्हणाल्या. आणि तशाच पुढे जाऊन, टाकीच्या काठावर बसून, त्यांनी मूर्ती पाण्यात सोडली. शेवटचा बुडबुडा येऊन फुटेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

मी आत धावलो. बैठकीच्या निळ्या भोकात अक्षतांचे दोन दाणे अडकले होते. ते मी त्याच केसातल्या पिनेने काढले. चार्जर बैठकीला लावला, माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा माउस चपट्या भोकात घातला, प्रोजेक्टरचं निळं तोंड खुपसून स्क्रू पिळले आणि लॅपटॉप झाकण मिटूनच वर ठेवला. हलकेच दाबला. टक्. बोंबलाचे दात बसले. बैठकीवर एक बटण होतं, ते दाबलं. भिंत आधी निळी झाली. मग तिच्यावर समुद्र आला.

फिल्म लहानशीच होती. बोट हलत होती, पंप चालत होता, खलाशी मुद्दाम मूठभर वाळू आणि सालं आत टाकत होता, आणि पंप काही न बोलता गिळत होता. मेहेंदळ्यांनी खुर्ची भिंतीजवळ ओढली.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ते खानविलकरांना म्हणाले, "हा इथेच करायचा का?" खानविलकर गणपतीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हात जोडत होते, म्हणून मीच हो म्हणालो.

कारखाना राहिला. दिवाळीला छोटा समारंभ झाला. खानविलकरांनी भाषणात पंपाचं श्रेय स्वतःकडे घेतलं नाही. म्हणाले, "आपला कारखाना भुवडबाईंच्या नवसाने वाचला." त्यांनी बाईंना नारळ आणि साडी दिली. बाईंनी नारळ कपाळाला लावला आणि जागेवर जाऊन बसल्या. मी दोन वर्षांनी तिथूनच निवृत्त झालो. घरी ताटं पुन्हा हळू वाढली जाऊ लागली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, श्रावणात, रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर एक पिकल्या केसांचा माणूस माझ्या शेजारी येऊन बसला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाट.

"वळखलंत का सोहोनीसाहेब? मी भुवड. पुण्याला होतो फिटर."

मी म्हटलं, "गणपतीची तयारी? रजा किती दिवस?"

"रजा कसली? रिटायर झालो. आता हितंच." तो हसला. "तिचा तो अकरा दिवसांचा ऱ्हायलाय. सातावर उठवला होता ना. यंदा पुरा करायचाय, म्हणते."

"त्या नवसाने तर आमचा कारखाना वाचला."

भुवडने माझ्याकडे बघितलं. खरंच माहीत नाही का, हे तो ताडत असावा.

"साहेब," तो म्हणाला, "तो नवस कारखाना बंद पडावा म्हणून होता."

एक गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली.

"चौदा वरसं मी तिकडं, ती हिकडं. तिनं बदलीचा अर्ज केला की खानविलकरसाहेब म्हणायचे, स्टोअरला दुसरं माणूस नाय. बंद पडला असता तर समद्यांना पुण्याला घेनार होते. तिलापन. माझ्या म्हातारीला घेऊन येनार होती. मी खोलीसुदीक बघून ठेवली होती."

समईवरून ओघळणारं तेल मला दिसलं. तो पाट कुठे आहे हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याने नुसतं गप्प बसायचं होतं.

"मग सांगितलं कशाला त्यांनी?" मी विचारलं.

"मीपन तेच इचारलं. म्हणाली, साहेब माझ्याच देवापुढं रडत होता. आनि पाट आपला नव्हता. ज्याचा होता त्याला दिला."

त्याची गाडी लागली. तो उठला, मग काहीतरी आठवून थांबला आणि काखेतला पाट कागदातून काढून माझ्यापुढे धरला. सागवानी, जड, कोरा.

"तुमी जरा बघा बरं, साहेब. निघताना बजावलंय तिनं. मागं भोकं नायत ना, ते बघून आन."

मी पाट हातात घेतला, उताणा केला, चारी कडांवरून बोट फिरवलं.

नव्हती.